सिमेंटात रोवलेली डोलकाठी

जहाज समितीच्या अध्यक्षांनी मला फसवलं, आणि माझ्यामार्फत माझ्या मामाला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाला वाटायला नको की या गोष्टीला दोन बाजू आहेत. असेल दुसरी, तर ती त्यांनी मांडावी. त्यांना बोलता फार छान येतं.

मी कारवारच्या वर, घाटावरच्या रामनगरचा लाकडाचा व्यापारी. वखार माझी मी उभी केली, कुणी वारशात दिली नाही. बाप लवकर गेला, तेव्हा आई मला घेऊन माहेरी आली. माहेर म्हणजे जोयड्याच्या पुढे, अणशीच्या वाटेवरून आत उतरलं की लागणारी दहा-बारा घरं. तिथे तिच्या भावाने आम्हाला ठेवून घेतलं. मामाचं थोडं भात आणि बाकी जंगलातली मजुरी. त्याच्या मागे मागे मी रानात हिंडलो. कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर ठोकायचं आणि कान लावायचा, झाड आतून भरीव आहे की पोकळ ते कळतं, हे त्याने शिकवलं. त्या एका विद्येवर मी आजवर जगलो. रामनगरात आधी ट्रकवर ओंडके चढवले, मग दुसऱ्यांसाठी लिलावात बोली लावली, मग स्वतःसाठी. दांडेलीच्या लिलावात मी पुढे सरकलो की बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मला भांडखोर म्हणतात. म्हणू देत. भांडल्याशिवाय या धंद्यात सागाच्या नावाखाली काहीही गळ्यात मारतात.

एक गोष्ट मात्र मी फार उशिरा शिकलो. जो माणूस घासाघीस करतो त्याला व्यवहार पाळायचा असतो. म्हणून तर तो कुरकुरतो, उठून जातो, परत येतो, एकेका गोष्टीवर अडून बसतो. जे पाळायचं आहे ते आपल्याला झेपेल का, हे तो तपासत असतो. आणि ज्याला काही पाळायचंच नसतं, तो सगळ्याला हो म्हणतो.

समिती माझ्याकडे आली ती वाकड्या लाकडासाठी. काळी नदी कारवारजवळ समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या गाळात एक जुनं लढाऊ गलबत सापडलं होतं. तोफा ठेवायच्या खिडक्या, पाण्याखालच्या भागाला मारलेले तांब्याचे पत्रे, सगळं ओळखू येण्यासारखं. ते कुणाच्या आरमाराचं यावर समितीत दोन तट होते आणि त्यांची भांडणं चालत. पण ते दुरुस्त करायचं आणि पुन्हा समुद्रात घालायचं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. काचेतलं संग्रहालय नव्हे, शिडांवर चालणारं संग्रहालय. आज या बंदरात, उद्या त्या बंदरात. शाळेची मुलं चढतील, दोर ओढतील, वारा कसा धरतात ते बघतील.

समितीचा मिस्त्री किनाऱ्यावरचा, जन्मभर होड्या बांधलेला. त्याने माझ्या वखारीतला उत्तम सरळ साग बघितला आणि नाक मुरडलं.

"शेठ, हे घर बांधणाऱ्याला द्या. मला वाकडं पाहिजे. जन्मापासून वाकडं."

"वाकडं मी जळणाला देतो."

"मग आजपासून देऊ नका. जहाजाच्या बरगड्या सरळ लाकडाच्या होत नाहीत. तुमच्यासारखं पाहिजे. कुणी कितीही ओढलं तरी सरळ न होणारं."

मी चिडलो आणि हसलोही. मग आम्ही दोघांनी दिवसभर त्या वाकड्या फांद्यांवर अशी घासाघीस केली की वखारीतले हमाल काम सोडून बघत बसले. तो चांगला माणूस. त्याच्यावर माझा राग नाही.

पहिला ट्रक घेऊन मी स्वतः खाली गेलो. असं मी कधी करत नाही. आमच्याकडचं लाकूड जातं. गोव्याला जातं, हुबळीला जातं, पुढे कुठे जातं कोण जाणे. त्याचं काय झालं हे आम्हाला कधी दिसत नाही. कुणाच्या तरी घराचं दार होत असेल, कुणाचा तरी पलंग. मी आयुष्यभर झाडं विकली, आणि यातलं अमुक झाड अमुक ठिकाणी आहे, असं बोट दाखवायला माझ्याकडे एकही नव्हतं. त्या दिवशी खाडीच्या काठावरच्या मांडवात ते गलबत पहिल्यांदा बघितलं. अर्ध्या बरगड्या जुन्या, काळ्या पडलेल्या. अर्ध्या जागा रिकाम्या. मिस्त्रीने आमच्या रानातली एक वाकडी फांदी उचलून त्या रिकाम्या जागेत धरली. बसली. मला उगाच भरून आलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग डोलकाठीचा प्रश्न आला. जुनी कधीच नाहीशी झाली होती. मिस्त्री म्हणाला, पूर्वी या किनाऱ्यावरच्या जहाजांच्या डोलकाठ्या तुमच्याच घाटावरच्या पुनाच्या झाडांच्या असत. उंच, सरळ, वजनाला हलकं आणि वाऱ्यात लवणारं. पण तेवढं उंच पून आता मिळायचं कुठे? लिलावात नव्हतं. मी खानापुरापर्यंत माणसं पाठवली. कुठेच नव्हतं.

मला माहीत होतं कुठे आहे. मामाच्या गावच्या रायीत.

राय म्हणजे देवाचं रान. आमच्या गावात देवाला देऊळ नाही. झाडांच्या पोटात एक दगड आहे, तो देव. तिथली वाळकी काटकीही कुणी घरी नेत नाही. त्या देवाला कौल लावायचा मान मामाच्या घराकडे. पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या दगडाला चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि उजवीकडची पाकळी पडते की डावीकडची ते बघायचं. पेरणी कधी, मुलीचं स्थळ कसं, हरवलेली म्हैस कुठल्या दिशेला, गवे शेतात शिरतात त्याला काय करायचं, सगळं गाव मामाच्या तोंडून विचारायचं. मामा विचारणार आणि देव सांगणार. दोघांपैकी एकावरही कुणी कधी संशय घेतला नव्हता.

मी गेलो तर मामी अंगणात भात वाळवत होती.

"आला गा शेठ. आज काय विकायला आलाईस, का न्यायला?"

"न्यायला."

"तर मग जेवूनच जा. रिकाम्या पोटी तू लई भांडतोस."

मामाला सांगितलं तेव्हा त्याने हातातला कोयता खाली ठेवला. मग म्हणाला, "रायीतलं झाड मागतोस व्हय रे."

"घरासाठी नाही मागत, मामा. जहाजाला."

"तेच इचारतो. रायीतलं झाड निघतं, न्हाई असं न्हाई. माझ्या आज्यानं पालखीच्या दांड्याला दिल्यालं. त्येच्या आधी कवातरी रथाच्या कण्याला. पर जे चालतं त्येलाच द्यायचं. खांबाला, उंबऱ्याला, तुळईला द्यायचं न्हाई. का, ते ठावं हाय?"

"का?"

"उभं ऱ्हायाचं तर ते हितं उभं हायच की. मग तोडायचं कशाला?"

मी लिलावात आयुष्य काढलं आहे. एवढा सरळ मुद्दा माझ्यासमोर कुणी मांडला नव्हता.

"ते समुद्रात चालणार आहे, मामा. शिडं बांधून."

"तू म्हणतोस. त्यो म्हणतोय का, ज्येचं जहाज हाय?"

म्हणून मी अध्यक्षांना गावात आणलं. हेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मधल्या व्यापाऱ्याने निरोप बदलला. ते स्वतः आले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आवाज मऊ, कपडे पांढरे. अंगणातल्या चटईवर मांडी घालून बसले. मामीने कोनाचे कंद उकडून चटणीबरोबर दिले, ते मागून मागून खाल्ले. गावातली सगळी घरं जमली होती. एका म्हाताऱ्याने विचारलं, "सायेब, समुद्रात वाघ असतोय काय?" तर म्हणाले, "असला तर असू दे, आजोबा, तुमची डोलकाठी नेतोय. ती बघून घाबरतील सगळे." सगळे हसले. मीही हसलो.

मग मामाने विचारलं. समोरासमोर, गावासमोर.

"सायेब, ते चालंल न्हवं?"

"चालेल म्हणजे काय! तुमच्या झाडाला शीड लागणार, मामा. बंदराबंदरातून फिरणार."

"एका जागी उभं करून ठेवणार न्हाई?"

"छे छे. त्याला मग जहाज कोण म्हणेल?"

"वर्सातनं एकदा तरी पाण्यावर जायाला पायजे. न्हाई तर आमास्नी रायीत तोंड दाखवता येत न्हाई."

"एकदा काय, दहादा जाईल. आणि पहिल्या फेरीला तुम्ही स्वतः असणार. तुम्हाला गाडी पाठवतो."

मामाने आणखी मागितलं. पहिल्या फेरीच्या वेळी रायीतलं पाणी डोलकाठीच्या पायावर शिंपडू द्यायचं. हो. झाड पुढे कधी मोडलं तर तुकडा जाळायचा नाही, समुद्रात सोडायचा. हो. त्या गलबतावर लाकूड कुठून आलं ते कानडीत आणि मराठीत लिहायचं. हो, हो. त्यांनी एकदाही कपाळाला आठी घातली नाही. "बघतो", "विचारून सांगतो", "कठीण आहे", यातलं काही म्हणाले नाहीत. मला त्या वेळी वाटलं, काय माणूस आहे! माझ्यासारख्याने तिथेच उठून जायला हवं होतं, असं मामी पुढे मला म्हणाली. ते मी मान्य करत नाही. देवाच्या कामात माणूस खोटं बोलेल असं धरून चालायचं असेल, तर मग व्यवहार तरी कुणाशी करायचा?

दुसऱ्या दिवशी कौल लागला. उजवी पाकळी पडली, म्हणजे देव हो म्हणाला. मग आमच्याकडची पद्धत. कुऱ्हाड झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवायची आणि घरी यायचं. सकाळी ती पडलेली दिसली तर झाड नाही म्हणालं, पुन्हा विचारायचं नाही. तशीच टेकलेली असली तर चालेल. सकाळी कुऱ्हाड होती तशीच होती. मग मामा झाडापाशी उभा राहिला आणि मोठ्याने बोलला. झाडाला सांगावं लागतं, तुला कुठे नेतोय आणि तुझं तिथे काम काय. न सांगता नेलेलं लाकूड वेडंवाकडं चिरतं, असं आमच्याकडे मानतात.

मामाने कधी समुद्र धड पाहिला नव्हता. तरी त्याने झाडाला समुद्र सांगितला. म्हणाला, "काळी नदी जाती तितं जायाचं. लई पाणी हाय. तितं तुझ्या अंगावर कापड बांधत्यात आन वारा भरत्यात. भिऊ नकोस. वाऱ्यानं हलायची तुला सवय हाय."

परवानगीचे कागद समितीने वरून आणले होते. झाड पडलं तेव्हा रायीत एकदम उजेड आला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. त्यावर हसायचं कारण नाही.

ते लांब खोड अणशीच्या घाटातून खाली न्यायचं म्हणजे काय, हे त्या वळणांवर ट्रक घातलेल्यालाच कळेल. प्रत्येक वळणावर मागचं टोक दरीवर लोंबायचं. मी पुढे चालत ड्रायव्हरला शिव्या देत होतो, मामा मागे चालत खोडाला धीर देत होता. वाटेतल्या वाड्यांवरची माणसं नारळ घेऊन उभी. मांडवात पोचल्यावर मामा खोडावर हात ठेवून बसला. समोर खाडी, खाडीपलीकडे समुद्र. तो म्हणाला, "बेस हाय. ऐसपैस हाय." तेवढंच. पण परतीच्या वाटेवर जीपमध्ये तो मध्येच स्वतःशी हसायचा. असा मी त्याला कधी बघितला नव्हता.

डोलकाठी उभी केली त्या दिवशी आम्हाला बोलावलं नाही. घाई होती म्हणाले. पाण्यात घालायच्या दिवशी नक्की बोलावू म्हणाले.

तो दिवस आलाच नाही. मी फोन करायचो. आधी इंजिनाची परवानगी अडकली होती. मग विमा. मग खलाशी मिळत नव्हते. मग पावसाळा. प्रत्येक वेळी अध्यक्ष स्वतः फोन घ्यायचे, प्रत्येक वेळी माझं बरोबर आहे म्हणायचे. "तुमचा राग योग्य आहे, शेठ. लवकरच." तिकडे मामा विचारायचा, "गेलं काय रे पाण्यात?" आणि मी सांगायचो, "लवकरच."

मग एकदा माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होतं कारवारला. जेवून निघालो आणि सहज गाडी खाडीकडे वळवली. मांडव मोडला होता. गलबत तिथे नव्हतं. क्षणभर वाटलं, गेलं! मला न सांगता का होईना, समुद्रात गेलं!

ते रस्त्याच्या कडेला होतं. वाळूच्या अलीकडे, एका मोठ्या चौथऱ्यावर. पोट अर्धं सिमेंटमध्ये बसवलेलं. डोलकाठीचा पाय तळातून आरपार काढून खाली चौथऱ्यात रोवला होता आणि भोवती सिमेंटचं कडं, त्यावर पांढरा रंग. रंगीत दिव्यांच्या माळा वरून खालपर्यंत गुंडाळलेल्या. डेकवर टेबलं, खुर्च्या, छत्र्या. एक बाई डोलकाठीला टेकून फोटो काढून घेत होती. वेटर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "फॅमिली आहे का?"

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक खुर्ची खाली वाळूत गेली, एवढं खरं.

मिस्त्री जवळच्याच वाडीत राहत होता. त्याच्याकडे गेलो. त्याने मला आधी पाणी दिलं.

"शेठ, बसा. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ते पाण्यात जाणारच नव्हतं. तळाचा मुख्य कणा आतून कुजून गेलेला. तो बदलायचा तर नवीन जहाज बांधल्यासारखं. मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, ठीक आहे, मग काठावरच उभं करू, दिसायला पूर्ण दिसलं म्हणजे झालं."

"कधी सांगितलंत तुम्ही?"

"तुमच्या झाडाच्या आधी."

म्हणजे मामाच्या अंगणात मांडी घालून, मामीच्या हातचे कंद खात, ते गावासमोर हो हो म्हणत होते, तेव्हा त्यांना माहीत होतं. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. चूक झाली असती, बेत फिसकटला असता, तर मी भांडलो असतो आणि विसरलो असतो. धंद्यात बेत फिसकटतात. पण त्यांना माहीत होतं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"मला वाटलं, व्यापारी माणूस. लाकूड गेलं की तुमचं काम संपलं."

त्याच्यावर माझा राग नाही असं मी वर लिहिलं. तेव्हा मात्र होता.

अध्यक्षांना त्यांच्या घरी गाठलं. त्यांनी चहा मागवला. माझा सगळा आरडाओरडा शांतपणे ऐकला.

"शेठ, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण बघा, संग्रहालय तर झालंच ना? लोक येतात, इतिहास बघतात. हॉटेल नसतं तर देखभाल कशी होणार? एका अर्थी झाड आता कायमचं सुरक्षित आहे. समुद्रात गेलं असतं तर वादळात मोडलंही असतं."

"मोडलेलं चाललं असतं. उभं ठेवलेलं नाही चालत."

"ही श्रद्धेची गोष्ट झाली."

"श्रद्धेच्या गोष्टीवर तुम्ही हो म्हणालात. गावासमोर."

"त्या वेळी वातावरण इतकं छान होतं," ते म्हणाले. "कुणाला दुखवावंसं वाटलं नाही."

मी कप खाली ठेवला. फोडला नाही, ठेवला. मला इतकंच मागायचं होतं. गावात या, मामासमोर बसा आणि सांगा की खोटं तुम्ही बोललात, तो नाही. ते म्हणाले, "जरूर येतो. येत्या रविवारीच येतो."

मामाला तोवर मी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या तोंडूनच कळावं असा माझा विचार. पण त्याला आधीच कळलं होतं. गावातल्या बायकांचा बचत गट सहलीला कारवारला गेला होता आणि त्यांनी त्या डोलकाठीपाशी उभं राहून मोबाईलवर फोटो काढले होते. ओळखलं नाही म्हणून काढले. झाडाला एका बाजूला कधीकाळी वीज चाटून गेल्याची लांब खूण होती, ती मामाने फोटोत ओळखली. बोटाने फोटो मोठा करून दे म्हणाला, सिमेंटचं कडं बघितलं, आणि मोबाईल परत केला.

मी पोचलो तेव्हा तो पडवीत बसला होता.

"मामा, मी त्या माणसाला आणतोय. रविवारी."

"येऊ दे की."

"तुझी काही चूक नाही. तुला खोटं सांगितलं."

"मला सांगितलं व्हय," तो म्हणाला. "पर झाडाला कुणी सांगितलं? झाडाला मी सांगितलं."

मी पुन्हा तेच म्हणालो, रविवारी आणतो त्याला.

रविवारी मामीने पहाटेपासून घर सारवलं. कंद उकडले, कोंबडं कापलं. मामा धुतलेलं धोतर नेसून पडवीत बसला. गाव हळूहळू अंगणात जमलं. कुणी मुद्दाम आलोय असं दाखवत नव्हतं. कुणी दावं वळत होतं, कुणी सुपारी कातरत होतं. रस्त्यावर जीपचा आवाज झाला की सगळे गप्प व्हायचे. जीप उळवीच्या देवाला जाणाऱ्या लोकांची असायची, पुढे निघून जायची. मी फोन लावत होतो, तो लागत नव्हता. दुपार कलली तेव्हा मामा म्हणाला, "पोरास्नी वाढ गे. भूक लागली असंल." सगळे पाहुण्यासाठीचं जेवण मान खाली घालून जेवले. मामा जेवला नाही. अंधार पडायच्या जरा आधी तो उठला आणि धोतर बदलून रोजचा पंचा नेसला.

त्याला गावात कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. पण कौल लावायची वेळ आली तेव्हा लोक येऊन त्याच्या दारात बसले आणि तोच उठला नाही. म्हणाला, "दुसरं कुणी बघा. ज्या तोंडानं रायीत खोटं बोललो, त्याच तोंडानं आता खरं काय ते कसं इचारू?" लोकांनी विनवलं. एक म्हातारी तर डाफरलीच, "सुम्म, गप ऊठ गा, देव काय तुज्यावर रुसलाय?" तो नुसता हसला. दुसरं कुणी नव्हतं. त्याचा मुलगा गोव्यात कारखान्यात आहे, त्याला यातलं काही येत नाही आणि नकोही आहे. त्या वर्षी पेरणी ज्याची त्याने आपल्या मनाने केली.

मामा पुढे फार दिवस राहिला नाही. डॉक्टरांनी छातीचं काहीतरी सांगितलं. मी त्याला बेळगावला नेतो म्हणालो, तर म्हणाला, "मला कुठं नेऊ नको बाबा. जितं हाय तितं ऱ्हाऊ दे." शेवटच्या दिवसांत तो पडवीतून रायीकडे बघत नसे. खाट फिरवून घेतली होती त्याने, तोंड भिंतीकडे करून. मामी त्याच्याशी बोलत राही, गावातलं हे ते, कुणाची म्हैस व्याली, कुणाकडे पाहुणे आले. तो हूं हूं करी. शिमग्याच्या आधी गेला.

ह्या शिमग्याला गाव रायीत गेलं, दगडासमोर दिवा लावला, आणि उभं राहिलं. विचारायला कुणी नव्हतं. पाकळ्या भिजवलेल्या होत्या, द्रोणात तशाच राहिल्या. मी मागे उभा होतो. मला एवढ्या माणसांची एवढी शांतता सहन होत नाही. मामी माझ्या बाजूला आली आणि हळूच म्हणाली, "तो खोटा नव्हता गा."

मला माहीत आहे. गावालाही माहीत असेल. पण जे तोंडाने, सगळ्यांसमोर, मोठ्याने बोललं गेलं, ते मनातल्या मनात पुसता येत नाही. तेही तोंडानेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने पुसावं लागतं, आणि ते मी करून चालत नाही. मी सांगितलं तर भाच्याने मामाची बाजू घेतली एवढंच होईल.

म्हणून अध्यक्षसाहेब, तुम्हाला विचारतो. ती टेबलं काढा असं मी म्हणत नाही, दिवे उतरवा असंही म्हणत नाही. माझ्या मामाने जन्मात एकच खोटी गोष्ट सांगितली, आणि ती तुमची होती. तो गेला तो ती स्वतःची समजून गेला. मामी अजून आहे, ते अंगण आहे, ज्यांनी तुमचं हो ऐकलं ते सगळे आहेत. त्यांच्यासमोर येऊन हे कोण सांगणार, आणि कधी? "जरूर" म्हणू नका. उत्तर द्या.